उकंडा मिस्त्रीचा सांधा

कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की मी आधी त्यांचा संडास पाहते. हसा खुशाल! माझ्या भाचेसुना तोंडाला पदर लावून हसतात, आणि मी कुठं पाहुणी म्हणून निघाले की भाचा म्हणतो, "आत्या चालली तपासणीला." चालली तर चालली! मी आत जाते, भांड्यात पाणी किती उभं आहे ते बघते, एका पायानं भांडं दाबून ते डुगडुगतं का ते पाहते, आणि मगच बाहेर येऊन चहाचा कप हातात घेते. सत्तरी उलटली तरी ही खोड गेली नाही. ती मला उकंडा मिस्त्रीनं लावली.

मी तेव्हा कारंजाला मुलींच्या शाळेत मुख्य मास्तरीण होते. मुख्य म्हणजे काय, आम्ही होतो तिघीच, आणि त्यातली मी जरा जास्त भांडकुदळ. उकंडा मिस्त्री गावातल्या एका प्रेसमध्ये फिटर होता. प्रेस म्हणजे कापसाच्या गाठी दाबायचा कारखाना. माणूस काळा, काटक, डोक्यावर एके काळी पांढरी असलेली टोपी, आणि कानावर सुताराच्या पेन्सिलीच्या जागी सुतळीचा तुकडा. मूळचा आसेगावचा. त्याच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून हा जन्मल्याबरोबर आजीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. मरणाला वाटावं, ही टाकून दिलेली चीज आहे! मग शेजारणीनं उचलून घरी आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. आमच्या वऱ्हाडात असे उकंडे गावोगाव आहेत, पण आपल्या नावाचा इतका तोरा मिरवणारा मी हा एकच पाहिला. "बाई, मले घाणीची काहून लाज वाटन? मी तं पयल्याच दिवशी तिच्यात झोपून आलो," असं तो कोणालाही सांगायचा.

प्रेसमध्ये पाण्याच्या दाबावर एक जाडजूड लोखंडी खांब वर सरकतो आणि कापूस दाबतो. ते पाणी बाजूनं निसटू नये म्हणून खांबाभोवती चामड्याचं कडं बसवलेलं असतं, त्याला पॅकिंग म्हणतात. ते पॅकिंग म्हणजे उकंडा मिस्त्रीचा जीव की प्राण. नळ, पंप, बंब, कुठंही दोन गोष्टी जुळल्या आणि मधून पाणी निसटू द्यायचं नसलं की त्याला तो 'सांधा' म्हणायचा, आणि त्याच्याविषयी माणसासारखं बोलायचा. सांधा कधी गळत नसे, तो 'रडून राह्यला' असे. पहिल्यांदा आमच्या शाळेत आला तो विहिरीवरच्या हातपंपासाठी. आला, पंपाला नख वाजवून पाहिलं, कान लावला आणि मला म्हणाला, "बाई, हा तीन महिन्यांपासून रडून राह्यला. तुमाले आयकू नाई आलं?"

"मला पोरींचं रडणंच ऐकू येतं," मी म्हटलं.

"थे बी सांधेच हायेत," तो म्हणाला आणि कामाला लागला.

त्याच्या प्रेसमधली एक गोष्ट गावभर होती. एका वर्षी मुंबईहून कोणी इंजिनिअर साहेब नवीन पॅकिंग घेऊन आला. पूर्ण हंगाम टिकेल, म्हणाला. मिस्त्रीनं ते हातात घेतलं, वाकवलं, हुंगलं, आणि सगळ्यांसमोर कडेला दातानं चावलं! साहेबानं तोंड फिरवलं. मिस्त्री म्हणाला, "हे संक्रांत पाहत नाई साहेब. चामडं घाईनं कमावलं हाय, आतून कच्चं हाय." संक्रांतीला तीन दिवस राहिले असताना ते फाटलं, प्रेस बंद पडला, आणि साहेबानं विचारलं म्हणे, हे कोणत्या पुस्तकात आहे? घरी मात्र त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, चामडं चावल्याच्या दिवशी दहा चुळा भरल्याशिवाय त्याला ताट दिलं नाही. दहाच! ती मोजायची.

त्याच्या घरी मी एकदा गेले तेव्हा भिंतीवर एक लांब तार टांगलेली पाहिली. तारेत ओवलेली शंभरेक वायसरं, पॅकिंगं, काळी पडलेली, फाटलेली, चेमटलेली. मनकर्णा वैतागून म्हणाली, "पाहा बाई. लोकं भिंतीले देव लावतेत, आमच्या घरी हे मयत!" मिस्त्रीला राग नाही आला. उलट तो फुलला. एकेक बोटानं पुढं सरकवत मला ओळख करून देऊ लागला. "हा उपाशी मेला. म्हंजे पाणीच नाई भेटलं, सुकून भेगाळला. हा कोंबून मेला, एकानं पाना लावून इतका आवळला का त्याचा दमच गेला. हा तिखट खाऊन मेला, कोणीतरी तेजाब ओतलं धुवाले. अन् हा डुगडुगीनं मेला. बूड पक्कं नाई बसवलं, तं वरचं रोज जरासं हालते, रोज जरासं घासते, दिसत नाई कोणालेच. एक दिवस खलास!"

मी विचारलं, "मग चांगला सांधा किती वर्षं टिकतो?"

"थे सांध्याले नोका इचारू," तो म्हणाला, "वापरणाऱ्याले इचारा. सांधा आपल्या मरणानं मरतच नाई बाई. त्याले कोणीतरी मारते."

आता शाळेचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या ओसरीत पाण्याचा एक मोठा रांजण होता. शाळेत वरकाम करणारी पंचफुला रोज सकाळी तो विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरायची आणि रोज संध्याकाळी जवळजवळ तसाच्या तसा शेवंतीच्या वाफ्यात रिकामा करायची. शिळं पाणी रात्रभर ठेवायचं नाही, हा तिचा नेम. रांजण भरलेलाच का राहायचा? कारण पोरी पाणीच प्यायच्या नाहीत! सकाळी घरून निघताना नाही, मधल्या सुट्टीत नाही, भर उन्हात लंगडी खेळल्या तरी नाही. शाळेमागं पत्र्याचा एक आडोसा होता, आणि त्याच्या समोर बाजारच्या बैलगाड्या सुटायच्या. लहान पोरी कशाबशा जाऊन यायच्या. बारा-तेरा वर्षांच्या पोरींनी काय करायचं? ओठ सुकवून बसायच्या, आणि मग एक दिवस यायच्याच बंद व्हायच्या. त्या वर्षी वरच्या वर्गात माझ्याकडे सात पोरी उरल्या होत्या. सातच! त्यात एक वच्छी, उकंडा मिस्त्रीची नात. गणितात अशी तल्लख की मी फळ्यावर चुकले तर पाटीवरून मान वर न करता सांगायची. पण तिचा बाप, म्हणजे मिस्त्रीचा मुलगा, सांगून मोकळा झाला होता की पोरगी मोठी झाली, सोय नाही, आता घरी बसेल.

मी संडासासाठी दोन वर्षं शाळेच्या कमिटीशी भांडले. शेवटी एका व्यापाऱ्यानं चिनी मातीचं भांडं, त्याची वाकडी नळी आणि पाइप असा सगळा सरंजाम मागवून दिला. मुर्तिजापूरहून रेल्वेच्या छोट्या गाडीनं गवतात गुंडाळून आला. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे जरीचा फेटा आणि खूप मोठं नाक. ते म्हणाले, "बाई, ठेवतो. पण शाळेत वास आला, की त्याच दिवशी फोडून टाकीन. विद्येच्या ठिकाणी हे चालायचं नाही." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, आला, सिमेंटची पोती घेऊन. मी मिस्त्रीला बोलावून आणलं होतं. तो खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला आणि दोघांची जुंपली.

"सिमिटानं असा पक्का करतो, शंभर वर्षं हालत नाई," गुत्तेदार म्हणाला.

"मंग तं मेलाच!" मिस्त्री ओरडला. "अबे, ही काळी जमीन हाय. उन्हाळ्यात तिच्यात हात जाईन एवढी भेग पडते. पावसात थेच फुगून वर येते. जमीन हालते, भांडं हालते, पाइप हालते, अन् तुहा सांधा म्हणते मी हालत नाई. तं काय होईन सांग?"

"काय होईन?"

"फुटीन! अन् मंग सारं पाणी त्या विहिरीत. त्याच विहिरीचं पाणी पोरी पेतेत."

मी गुत्तेदाराला घरी पाठवलं. सरळ पाठवलं! मिस्त्रीनं प्रेसमधून चार दिवसांची रजा काढली. काळी माती सगळी उपसून खाली मुरूम लागेपर्यंत खणलं, मुरूम ठोकून बसवला, त्यावर भांड्याचं बूड ठेवलं. सांध्यासाठी अंबाडीचा वाख आणला, तो गरम डांबरात आणि जवसाच्या तेलात दोन दिवस मुरवला, आणि मग पाइपाच्या तोंडाभोवती पेड पेड करून असा भरला की पाहत राहावं. "याच्यात लवचिकपणा हाय," तो म्हणाला. "जमीन फुगली तं हा दबन, जमीन आटली तं हा पसरन. फुटन नाई." शेवटच्या दिवशी धोतर खोचून स्वतः भांड्यावर बसला आणि पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं असा झुलायला लागला. खिडकीत चाळीस पोरी! वच्छीनं लाजेनं तोंड पाटीमागं लपवलं. भांडं तसूभरही हललं नाही.

मग त्यानं आम्हाला, म्हणजे मला आणि पंचफुलाला, समजावून सांगितलं. भांड्याखालच्या वाकड्या नळीला तो गळा म्हणायचा. त्या गळ्यात वीतभर पाणी कायम उभं राहायचं. वरून बादली ओतली की घाण वाहून मागं पुरलेल्या टाकीत जायची आणि गळ्यात नवीन पाणी उरायचं. टाकीतला वास त्या पाण्याला ओलांडून वर येऊ शकत नाही. "मी भरला थो एक सांधा," मिस्त्री म्हणाला, "अन् हे पाणी दुसरा." मला समजलं. मला वाटलं, पंचफुलालाही समजलं.

दिवाळीनंतर शाळा उघडली आणि पोरींनी संडास वापरायला सुरुवात केली. काय सांगू! पाचव्या दिवशी रांजण दुपारी अर्धा झाला. मी पंचफुलाला दोनदा विचारलं, गळका तर नाही ना गं रांजण? नव्हता. पोरी पाणी पीत होत्या. माझ्या आयुष्यात मला फार मोठमोठे आनंद झाले नाहीत, पण हा झाला.

आणि सहाव्या दिवशी सकाळी मी शाळा उघडली तर वासानं डोकं भणभणलं. वर्गापर्यंत वास! पंचफुलानं दोन बादल्या ओतल्या, दारं-खिडक्या उघडल्या, तासाभरानं गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मिस्त्री धावत आला, दुपारी सांधा उघडला, बोटानं चाचपला, बोट नाकाशी नेलं. कोरडा ठणठणीत! परत भरला. चौथ्या दिवशी वास आलाच. परत उघडला, परत भरला. मग त्यानं मिरच्यांची परीक्षा घेतली. टाकीकडच्या तोंडाशी निखारे ठेवले, वर मूठभर वाळलेल्या मिरच्या टाकल्या आणि सगळा धूर पाइपात कोंडला. सांधा कुठंही फुटला असला तर धूर तिथून बाहेर येणार आणि माणूस खोकून बेजार होणार. तो भांड्यावर तोंड धरून बसला. एक शिंक नाही. एक ठसका नाही. दुपारी सगळं धड, आणि सकाळी वास!

अध्यक्षांच्या नाकापर्यंत बातमी पोचायला कितीसा वेळ लागणार? निरोप आला, शनिवारी सकाळी येतो, घण घेऊन माणूस सोबत आणतो. वच्छीच्या बापानं घरी सांगून टाकलं, शनिवारी शाळा शेवटची.

मिस्त्री चार दिवसांत उतरून गेला. घरची तार भिंतीवरून काढून मांडीवर घेऊन बसायचा, मनकर्णानं मला सांगितलं, आणि एकेक मयत सरकवत बसायचा. गुरुवारी माझ्याकडे आला. ओसरीत उभाच राहिला, बस म्हटलं तरी बसेना. "बाई, भांडं धड हाय, सांधा धड हाय, गळ्यात पाणी हाय. अन् तरी वास येते. असा मेलेला माह्या तारेत एक बी नाई." मग टोपी काढून हातात धरली. तीस वर्षं फिटरचं काम केलेला माणूस! "माह्या हातानं माह्या नातीची शाळा बुडून राह्यली बाई." मला रडू आलं. ते लपवायला मी त्याच्यावरच ओरडले, की असं तोंड पाडून काही होणार नाही, उद्या दिवसभर इथंच बसा आणि पाहा!

म्हणून शुक्रवारी तो दिवसभर लिंबाखाली बसला. कोण आत गेलं, किती बादल्या ओतल्या, सगळं सुतळीला गाठी मारून मोजलं. घंटा झाली, पोरी गेल्या. मी ओसरीत हजेरीपट उतरवत होते. ऊन अजून कौलांवर होतं. पंचफुलानं रोजच्यासारखा रांजण वाफ्यात रिकामा केला. गडवे पालथे घातले. मग एक चिंधी आणि बादली घेतली आणि संडासात गेली. मिस्त्री उठला. मी मान वर करून पाहिलं तर तो दारात खिळल्यासारखा उभा.

"काय करून राह्यली वं, पंचफुला?"

"काय करतो म्हंजे?" आतून आवाज आला. "शिळं पाणी काढून राह्यली."

मी हजेरीपट टाकून धावले. पंचफुला पदर खोचून वाकली होती. त्या गळ्यात चिंधी बुडवायची, बादलीत पिळायची. बुडवायची, पिळायची. गळा जवळजवळ कोरडा झाला होता.

"कव्हापासून?" मिस्त्रीनं विचारलं.

"सुरू झालं तव्हापासून. रोज! एक दिवस खाडा नाई," ती अभिमानानं म्हणाली. "रांजणातलं शिळं काढतो, गडव्यातलं काढतो, तं एवढ्या पांढऱ्याशुभ्र भांड्यातलं रातभर ठेवू? वास येते म्हणून मी आणखीन कोरडं करतो. मंग विहिरीवर डोस्क्यावरून पाणी घेतो अन् घरी जातो. बाईनं सांगतलं, घाण झाली तं पोरींची शाळा जाईन. माह्यावर हाय ना सारं."

तेव्हा मला उमजलं, ती रोज संध्याकाळी विहिरीवर आंघोळ का करून जायची! जे काम त्या गावात कोणत्याच घरची बाई करणार नाही, ते ती रोज करत होती, लपवूनही नाही, सांगूनही नाही. आणि शाळा तिच्याच त्या नेमामुळं बुडत होती. पहिले पाच दिवस नवी टाकी जवळजवळ रिकामीच होती, म्हणून वास आला नव्हता. मला वाटलं, आता मिस्त्री हिला फाडून खाणार.

मिस्त्री मटकन खाली बसला. कपाळावर हात मारला आणि हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, टोपी तोंडावर दाबली तरी थांबेना. "अवं माय माय माय! रोज! मी दोन डाव सांधा उघडला, अन् हे रोज माहा दुसरा सांधा चिंधीत पिळून झाडाले घालून राह्यली!"

पंचफुला घाबरली. तो तिच्याकडं वळला आणि असा मऊ बोलला की मी तसं बोलताना त्याला पुन्हा ऐकलं नाही. "आयक. थे पाणी राखणदार हाय. खालचा वास आत येऊ नाई म्हणून थे दारात उभं राह्यते. राखणदाराले रातीच घरी पाठवलं तं कसं होईन?"

तिनं विचार केला. मग म्हणाली, "पण शिळं तं शिळंच ना, मिस्त्री."

"हो. हाय शिळं."

"मंग मी जाताना वरून एक बादली ताजं ओतून देतो. शिळं वाहून जाईन, ताजं बसन. तुमचा राखणदार बी राह्यला, अन् माहा नेम बी राह्यला."

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. "मायच्यान," तो म्हणाला, "तीस वर्षं झाले, मले हे काहून नाई सुचलं?"

शनिवारची सकाळ! मी पाच वाजताच शाळेत. दार उघडलं, नाक आत घातलं, आणि काही नाही. फक्त चुन्याचा वास. मी पंचफुलाला मिठी मारली, ती अवघडली. नऊ वाजता अध्यक्ष आले, फेटा, नाक, मागं घणवाला. मिस्त्री म्हणाला, "साहेब, फोडा. पण आधी आत चाला." त्यानं अध्यक्षांना संडासात उभं केलं, आणि टाकीकडं जाऊन निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या. मूठभर नाही, सूपभर! धूर पाइपात कोंडला. अध्यक्ष आत उभे. मिनिट गेलं, दुसरं गेलं. चाळीस पोरी श्वास धरून ओसरीत.

"काही येते का साहेब?"

"नाही," आतून आवाज.

"मंग आता माहा सांधा काढून दाखवतो. पंचफुला, शिळं पाणी काढ!"

पंचफुलानं पदर नाकाला बांधला, वाकली आणि चिंधी बुडवून पिळली. चार वेळा, पाच वेळा. आणि मग जो ठसका उठला म्हणता! अध्यक्ष बाहेर आले ते फेट्याशिवाय. खोकता खोकता विहिरीच्या कठड्याला धरून उभे राहिले. घणवाला रस्त्यापर्यंत पळाला. पोरी खोकत होत्या आणि हसत होत्या, मी खोकत होते आणि हसत होते, आणि मिस्त्री भरली बादली घेऊन आत घुसला. धाडकन ओतली. धूर तुटला. दोरी कापावी तसा तुटला!

अध्यक्षांनी डोळे पुसले. त्यांच्याविषयी मी पुष्कळ वाईट बोलले आहे, पण त्या दिवशी ते सरळ वागले. म्हणाले, "एवढ्याशा पाण्यानं?" मिस्त्री म्हणाला, "एवढ्याशाच." अध्यक्षांनी घणवाल्याला परत पाठवलं. वच्छीचा बाप फाटकाशी उभा होता, तो निघून गेला, आणि सोमवारी वच्छी आपल्या जागेवर बसलेली होती. त्या सोमवारी पंचफुलाला रांजण दोनदा भरावा लागला.

मग ते रोजचंच झालं. मिस्त्री महिन्यातून एकदा यायचा. आधी रांजणात डोकावायचा, मग एका पायानं भांडं दाबून पाहायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असली की दर आठवड्याला यायचा, कारण दोन महिने कोणी पाणी ओतलं नाही तर गळा सुकतो. वैशाखाच्या उन्हात डोक्याला पंचा गुंडाळून, हातात बादली! मी एकदा म्हटलं, पंचफुला ओतेल की. तो म्हणाला, "तिनं ओतलं तं मले कोण पुसन?" वच्छी सातवीची फायनल पास झाली, अकोल्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला गेली. वरच्या वर्गात सातच्या एकोणीस झाल्या. सांधा टिकला. काळी जमीन दरवर्षी फाटली आणि फुगली, पण सांधा टिकला.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते असंच एका उन्हाळ्यात. चैत्र सरत आला होता, शाळेला त्याच दिवशी सुट्टी लागली होती, मी कुलपं लावत होते. मिस्त्री भिंतीला धरत धरत आला. खूप थकला होता, पायांवर सूज होती, दहा पावलं टाकली की थांबत होता. हातात बादली नव्हती. खिशातून एक शिशी काढली.

"हे काय?"

"करडीचं तेल," तो म्हणाला. "पाण्यावर घातलं का पाणी उडत नाई. यंदा दर आठवड्याले येणं होत नाई बाई."

मी म्हटलं, मी ओतत जाईन पाणी, नाहीतर पंचफुला. त्यानं ऐकलंच नाही. आत गेला, उकिडवा बसला, त्याला फार वेळ लागला. शिशी तिरपी करून गळ्यातल्या पाण्यावर तेल सोडलं, अगदी सावकाश, धार मोडू न देता. मग मला हाक मारली. "पाहा. पसरलं का सगळीकडे? मले आता नीट दिसत नाई." मी वाकून पाहिलं. पसरलं होतं. तो भिंतीला धरून उठला, सवयीनं एक पाय भांड्यावर ठेवून दाबला, आणि निघून गेला.

त्या उन्हाळ्यात मी आईच्या दुखण्यासाठी मेडशीला अडकून पडले. मिस्त्री गेल्याचं पत्र मनकर्णाच्या वतीनं वच्छीनं लिहिलं, ते मला तिथंच मिळालं. पंचफुलाही लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. दोन महिने त्या शाळेत कोणी पाऊल टाकलं नव्हतं. शाळा उघडायच्या दिवशी मी घंटेच्या आधी गेले, तांब्याभर पाणी घेतलं आणि संडासाचं दार उघडलं. वास नव्हता. गळ्यात पाणी होतं, जवळजवळ जेवढं होतं तेवढंच, आणि त्यावर त्याचं तेल, दारातून आलेल्या उजेडात चमकत होतं.

हातातला तांब्या ओतला की ते वाहून जाणार. मला ओतवेना. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे, डोळ्यांना पाणी लागलेलं, नाक वाहणारं, अशी मुख्य मास्तरीण!

मागं पावलं वाजली. पहिलीतली एक नवीन पोरगी, दोन वेण्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती.

"बाई, सरका ना! लवकर सरका!"

मी तांब्या तिच्या हातात दिला आणि सरकले.